पोर्ट करताना निघालेली ‘बाकी’

पोस्टपेड नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा म्हणून १९०० वर एसएमएस पाठवला, आणि कोडऐवजी ‘थकबाकी असल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही’ अशा अर्थाचं उत्तर आलं, की माणूस आधी गोंधळतो. बिल तर दर महिन्याला भरलेलं असतं. मग तो अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या स्टेशनजवळच्या कंपनीच्या गॅलरीत जातो. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघून एकच आकडा सांगतो. कशाचे एवढे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सर, सिस्टिम दाखवतेय. क्लिअर करा, मग पोर्ट होईल.’

त्या एका आकड्याशी भांडून काही हाती लागत नाही, कारण तो एक आकडा नसतोच. त्यात तीन-चार वेगवेगळ्या मागण्या एकत्र बांधलेल्या असतात. एखादी खरी, एखादी कागद बघून ठरवण्याजोगी, एखादी निखालस चुकीची. त्या सुट्या केल्या की वाद निम्मा संपतो. हा लेख त्या सुट्या कशा करायच्या आणि पुढे कुठे जायचं, याबद्दल आहे.

यातली एक मागणी म्हणजे मुदतीआधी सोडल्याचा दंड, आणि अमेरिकेत तो उघड चालायचा. तिथे फोन स्वस्तात द्यायचे, दोन वर्षांचा करार करून घ्यायचे आणि मध्येच सोडलं तर दंड आकारायचे. व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोनसाठी हा दंड दुप्पट करून ३५० डॉलर केला होता. पूर्ण झालेल्या दर महिन्यामागे तो दहा डॉलरने उतरायचा. दंड जबर होता, पण आकडा करारात छापलेला होता. आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेड वापरतात आणि हँडसेट दुकानातून वेगळा घेतात, त्यामुळे ती पद्धत रुजली नाही. तिची चव मात्र आपण घेतली आहे. १ जुलै २००३ ला रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला तेव्हा ५०१ रुपये भरून हँडसेट हातात मिळायचा आणि उरलेले पैसे महिन्याच्या बिलातून जायचे. पुढे बिलं थकली आणि वसुलीचे वाद वर्षानुवर्षं चालले. आज इथल्या मोबाईल ग्राहकाकडून ‘मुदतपूर्व’ असं नाव घेऊन दंड क्वचितच मागतात. तो येतो सवलत परत घेण्याच्या रूपात, बंद न झालेल्या एखाद्या सेवेच्या रूपात, विलंब आकाराच्या रूपात. नाव नसल्यामुळेच तो ओळखायला वेळ लागतो.

नंबर टिकवायचा हट्ट मुंबईकराने का धरावा, हे इथे कुणाला सांगायला नको. ९८२० म्हटलं की मॅक्सटच, ऑरेंज, हच असा प्रवास आठवतो, ९८२१ म्हटलं की बीपीएल, ९८६९ म्हणजे एमटीएनएलचं डॉल्फिन. त्यातल्या बीपीएलचं २००९ मध्ये लूप मोबाईल झालं, आणि २९ नोव्हेंबर २०१४ ला लूपच्या मुंबईतल्या परवान्याची मुदत संपली. एअरटेलने ती कंपनी घ्यायचा सुमारे ७०० कोटींचा व्यवहार त्याच महिन्यात मोडला होता. लाखो मुंबईकरांना मुदतीआत नंबर हलवावा लागला. तो हलवता आला, याचं कारण नंबर पोर्टेबिलिटी. ती २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ ला देशभर आली, आणि २०१५ च्या जुलैपासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं. घाटकोपरचं बिऱ्हाड पुण्याला हललं तरी नंबर तोच ठेवून तिथल्या कंपनीत जाता येतं.

आता यंत्रणा. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ लिहायचं, एक जागा सोडायची, पुढे आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि तो एसएमएस त्याच सिमवरून १९०० ला पाठवायचा. प्रीपेडवाल्यांच्या स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसतात, म्हणून पूर्वी इथेच अडायचं. ७ डिसेंबर २०२१ ला दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना बजावलं की पॅक कितीचाही असो, १९०० ला जाणारा हा एसएमएस गेलाच पाहिजे. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा पोर्टिंग कोड, म्हणजे यूपीसी, येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. सर्कल तेच असेल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर हलतो, सर्कल बदलत असेल किंवा नंबर कॉर्पोरेट असेल तर पाच दिवसांत. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत ‘कॅन्सल’ आणि नंबर असा एसएमएस १९०० ला पाठवून तो मागे घेता येतो.

१६ डिसेंबर २०१९ पासून या यंत्रणेत एक मोठा बदल झाला. त्याआधी यूपीसी जुनी कंपनीच द्यायची आणि नकार नंतर यायचा. नवं सिम घेऊन माणूस वाट बघत बसायचा आणि मग कळायचं की अर्ज फेटाळला. आता कोड तयार करण्याचं काम मधल्या त्रयस्थ संस्थेकडे आहे. ती आधी जुन्या कंपनीला विचारते, अटी पूर्ण असतील तरच कोड निघतो, नाहीतर कारण कळवलं जातं. म्हणजे अडचण दारातच समजते. तो नकाराचा एसएमएस पुसून टाकू नका. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात तुमचा पहिला पुरावा तोच.

अटी मोजक्या आहेत. या कंपनीत निदान ९० दिवस झालेले हवेत. सिम बदललं असेल तर, जुलै २०२४ पासून, त्यानंतरचे सात दिवस कोड मिळत नाही. फसवणूक रोखण्यासाठी ही अट आली आणि ती योग्यच आहे. नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज पडून नसावा, नंबरवर कोर्टात वाद किंवा मनाई नसावी. आणि आपल्या विषयाच्या दोन अटी: पोस्टपेड असेल तर नेहमीच्या चक्रानुसार निघालेली बिलं भरलेली असावीत, आणि ग्राहक-करारात बाहेर पडण्याचं कलम असेल तर ते पाळलेलं असावं. या दोन्हींचे शब्द नीट बघा. पहिल्या अटीत ‘निघालेली बिलं’ आहेत. चालू महिन्याचं अजून न निघालेलं बिल कोड अडवू शकत नाही. ते पोर्ट झाल्यावर शेवटचं बिल म्हणून येईल आणि तेव्हा भरायचं. दुसऱ्या अटीत ‘करारात असेल तर’ आहे. कॉल सेंटरवरच्या माणसाने सांगितलं म्हणून ते कलम करारात येत नाही.

आता आकडा फोडायला बसू. समजा बोरिवलीच्या एका बाईंकडे ५९९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन आहे. घेताना त्यांना ‘वर्षभर राहिलात तर महिना शंभर कमी’ असं सांगितलं होतं, म्हणून त्या ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी भरतात. सात बिलं झाल्यावर त्या पोर्ट करायला निघाल्या आणि बाकी निघाली १,८३१ रुपये ८२ पैसे. फोड मागितली तेव्हा चार ओळी पुढे आल्या: सातवं बिल ५८८.८२, सवलत परत ८२६, मनोरंजन सेवा २९९, विलंब आकार ११८.

पहिली ओळ खरी आहे. बिल निघालंय, सेवा वापरलीय. ती लगेच भरून टाकावी, त्याच दिवशी, आणि पावती ठेवावी. वादातल्या रकमेसाठी खरं बिलही अडवून धरणारा ग्राहक आपली बाजू स्वतःच्या हाताने कमजोर करतो. पुढे कोणत्याही अधिकाऱ्यासमोर पहिला प्रश्न हाच येतो की जे मान्य होतं ते तरी भरलंत का.

दुसरी ओळ म्हणजे सात महिन्यांची शंभर-शंभरची सवलत आणि तिच्यावरचा जीएसटी. हाच आपला बिननावाचा मुदतपूर्व दंड. इथे प्रश्न एकच: अट कुठे लिहिली आहे? नंबर घेताना जो अर्ज भरला, ज्याला कंपनीवाले कॅफ म्हणतात, त्याची प्रत ई-मेलवर किंवा अ‍ॅपमध्ये सापडते. त्याच्यासोबतच्या अटी, स्वागताचा मेल, योजनेचं पत्रक, पहिलं बिल हे सगळं काढायचं. ‘बारा महिन्यांच्या आत सेवा सोडल्यास दिलेली सवलत वसूल केली जाईल’ असं वाक्य त्यात असेल आणि ते घेतानाच तुम्हाला दाखवलं असेल, तर ८२६ रुपये देणं लागतं असं मी म्हणेन. शंभर रुपये कमी देऊन वर्ष राहायचं कबूल केलं होतं, वर्ष राहिलो नाही, तेवढी सवलत परत गेली. यात अन्याय नाही. वाक्य सापडलं नाही, किंवा सवलत बिलावर नुसतीच ‘डिस्काउंट’ म्हणून दर महिन्याला कोणत्याही अटीविना छापलेली असेल, तर मागणी टिकत नाही.

सवलतीच्या या ओळीचा तिसरा प्रकारही दिसतो. सवलत सातशेची, पण मागणी सरसकट दोन-अडीच हजारांची, ‘बाहेर पडण्याचा आकार’ म्हणून. इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. भारतीय करार कायद्याचं १८७२ पासूनचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवून ठेवली असली, तरी समोरच्याला मिळेल ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फत्तेचंद खटल्यापासून हे वारंवार सांगितलं आहे. त्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्याच घातली. झालेल्या नुकसानाच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड लावणारं कलम त्या व्याख्येत बसतं. तुमच्या पत्रात एवढंच विचारायचं: मी गेल्यामुळे कंपनीचं नेमकं काय नुकसान झालं, त्याचा हिशोब द्या. सवलतीइतका हिशोब देता येतो. त्याच्या तिप्पट रकमेचा देणं अवघड असतं.

मनोरंजन सेवेच्या २९९ चा निकाल संमतीवर लागतो. मूल्यवर्धित सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा ट्रायचा जुलै २०१३ चा निर्देश आहे. प्लॅनचाच भाग असलेली किंवा तुम्ही स्वतः अ‍ॅपमधून घेतलेली वर्गणी वेगळी. त्यात वाद नाही. पण ‘तीन महिने फोकट’ म्हणून आलेली सेवा चौथ्या महिन्यापासून आपोआप बिलात शिरली असेल, तर संमतीची तारीख, वेळ आणि एसएमएसची नोंद मागायची. नोंद मिळाली नाही तर रक्कम मागे घ्या, असं लिहायचं. घरात फॅमिली प्लॅन असेल तर आणखी एक पाहून घ्या: मुलाच्या किंवा सासूबाईंच्या जोड-नंबरवर सुरू झालेल्या सेवेचे पैसेही मुख्य नंबरच्या बिलात येतात.

विलंब आकार बाकीच्या ओळींच्या मागे जातो. मूळ रक्कमच चुकीची होती आणि देय तारखेच्या आत तुम्ही तक्रार केली होती, तर त्या रकमेवरचा विलंब आकारही गेला पाहिजे. तक्रार उशिरा केली असेल तर हे ११८ रुपये सोडून द्यावेत असं माझं मत आहे.

हँडसेटच्या हप्त्यांचा घोळ इथेच निस्तरून टाकतो. फोन हप्त्यावर घेतला असेल तर ते कर्ज बहुधा बँकेचं किंवा वित्त कंपनीचं असतं. तो वेगळा करार. नंबर कुठल्याही कंपनीकडे गेला तरी हप्ते चालूच राहतात, आणि हप्ते बाकी आहेत म्हणून मोबाईल कंपनीला यूपीसी अडवता येत नाही. मात्र फोन कंपनीनेच दिला असेल आणि तसं कलम करारात असेल तर गोष्ट वेगळी. प्रीपेडवाल्यांचं तर आणखी सरळ आहे. त्यांना थकबाकीचा प्रश्नच नाही, पण उरलेला बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. वर्षभराचा पॅक मारून तिसऱ्या महिन्यात पोर्ट करणाऱ्याचे नऊ महिने बुडतात. भांडून ते परत मिळत नाहीत. बिल्डिंगमध्ये रेंज येते की नाही याची खात्री होईपर्यंत २८ दिवसांचा पॅक मारावा, हेच शहाणपणाचं.

तर बोरिवलीच्या बाईंनी ५८८.८२ भरले आणि १,२४३ रुपये वादात राहिले. आता खरा पेच. हे पैसे भरत नाही तोवर कोड मिळत नाही, आणि कोड मिळत नाही तोवर जुना प्लॅन चालू राहून दर महिन्याला नवं ५८८.८२ चं बिल चढतं. तक्रार दोन महिने चालली तर १,२४३ वाचवायला त्याहून थोडे कमी घालवले. म्हणून रक्कम अशी आवाक्यातली असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हरकत लेखी नोंदवा, पैसे भरा, नंबर हलवा आणि मग परतावा मागा. भरल्याने हक्क जात नाही, पण हरकत आधी नोंदवलेली हवी आणि पैसे रोखीत नकोत. मेल एवढाच पुरे:

‘माझ्या नंबरवर दाखवलेल्या १,८३१.८२ रुपयांपैकी सातव्या बिलाचे ५८८.८२ रुपये मी भरले आहेत. उरलेले १,२४३ रुपये मला मान्य नाहीत. सवलत परत घेण्याची अट माझ्या अर्जात किंवा करारात कुठे आहे, त्याची प्रत द्यावी. मनोरंजन सेवेसाठी माझ्या संमतीची तारीख व नोंद द्यावी. नंबर पोर्ट करता यावा म्हणून ही रक्कम मी नाइलाजाने, परताव्याचा हक्क राखून भरत आहे. प्रती न मिळाल्यास रक्कम माझ्या खात्यात परत करावी.’

याखाली नंबर, बिल क्रमांक, तारीख. रागाची विशेषणं नकोत, ‘तुम्हाला बघून घेईन’ तर नकोच. हे पत्र पुढे तीन ठिकाणी वाचलं जाणार आहे.

रक्कम मोठी असेल तर मात्र उलट वागावं. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये यायचं. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या महिन्याचं आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. असं बिल ‘हक्क राखून’ भरून टाकणं बहुतेकांना परवडणारं नाही. तिथे सरासरीइतकी मान्य रक्कम भरायची, बाकीच्याची तक्रार करायची आणि निकाल लागेपर्यंत पोर्टचा विचार बाजूला ठेवायचा. या खटल्याकडे पुन्हा येऊ.

तक्रारीच्या पायऱ्या ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र, क्रमांक १९८, कॉल मोफत. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर मिळतो आणि तो एसएमएसने यायला हवा. चौकशीच्या नेहमीच्या नंबरवर केलेलं बोलणं तक्रारीत धरलं जाईलच असं नाही. गॅलरीत घातलेली हुज्जत तर कुठेच नोंदली जात नाही. म्हणून गॅलरीतून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून १९८ लावावा आणि डॉकेट नंबर घ्यावा. तक्रार मान्य झाली तर पैसे एका आठवड्यात परत किंवा बिलात वळते व्हायला हवेत.

उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर दुसरी पायरी म्हणजे त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, मेलने किंवा टपालाने चालतं, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. कंपनीचीच माणसं कंपनीविरुद्ध काय निर्णय देणार, असं अनेकांना वाटतं आणि ते ही पायरी गाळतात. गाळू नका. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचाही सदस्य असतो. शिवाय इथे कंपनीला लेखी बाजू मांडावी लागते, आणि तीच बाजू पुढे तुमच्या कामी येते. बोरिवलीच्या बाईंच्या जागी मी असतो तर अपिलात एकाच मुद्द्यावर भर दिला असता: कलम दाखवा.

ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक बिलाचा निकाल लागत नाही. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही. कोड चुकीच्या कारणाने नाकारला असेल तर कंपनीला दर नकारामागे दहा हजार रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो, पण तो सरकारजमा होतो, ग्राहकाला मिळत नाही. तरीही ‘हा नकार नियमात बसतो का ते लेखी कळवा’ असं कंपनीला विचारणं उपयोगी ठरतं, कारण उत्तर देणाऱ्यालाही तो नियम माहीत असतो.

तिसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, आणि तो बरीच वर्षं अर्धवट मिटलेला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की टेलिफोन बिलाचा वाद तार कायद्याच्या कलम ७-ब खाली लवादाकडे न्यावा. त्याचा आधार घेऊन खासगी मोबाईल कंपन्याही ‘ग्राहक मंचाला अधिकारच नाही’ असं सांगत राहिल्या. २४,६०९ रुपयांचं बिल आलेला अहमदाबादचा ग्राहक २०१४ मध्ये जिल्हा मंचात गेला तेव्हा व्होडाफोनने हाच आक्षेप घेतला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने आक्षेप फेटाळला: दूरसंचार ही ग्राहक कायद्यातली सेवाच आहे आणि ग्राहक मंचाचा अधिकार त्या कलमाने जात नाही. एका बिलासाठी आठ वर्षं झुंजलेल्या त्या माणसाचे उपकार आपण सगळ्यांनी मानले पाहिजेत. आज तुमच्या आमच्या हजार रुपयांच्या तक्रारीला कुणी ‘इथे चालणार नाही’ म्हणू शकत नाही, ते त्याच्यामुळे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात. या जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. नव्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी बिघडत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. एक बारकावा लक्षात ठेवा: ‘करारच अनुचित आहे, तो रद्द करा’ ही मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून जिल्ह्यात मांडणी सेवेतील त्रुटी आणि जादा आकारणी अशीच ठेवावी: पैसे परत द्या, त्रासाची भरपाई द्या. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून बघावी. आयोगाचा मसुदा कुणी तरी वाचून द्यावा असं वाटत असेल, तर पार्ल्यात कूपर हॉस्पिटलच्या मागे ग्राहक भवन आहे. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत तिथे बसते आणि साध्या माणसाला समजेल अशा मराठीत मार्गदर्शन करते.

कंपनीने दिलेल्या नंबरवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. सीप्झ किंवा मरोळ एमआयडीसीतली नोकरी सोडताना नंबर आपल्याकडे ठेवायचा असेल, तर तो नंबर कायद्याने मालकाच्या नावावर असतो, त्यामुळे बाकीही त्याचीच आणि करारही त्याचाच. शेवटच्या पगाराचा हिशोब होण्याआधी अधिकृत सहीचं पत्र मिळवून नंबर आधी आपल्या नावावर करून घ्यावा. नोकरी सुटल्यावर एचआर फोन उचलत नाही.

आणि पोर्ट झाल्यानंतरचं. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल महिन्याभरात मेलवर येतं, आणि जुन्या अ‍ॅपमध्ये आता लॉगिन होत नाही म्हणून ते नजरेतून सुटतं. ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत तुमचा नंबर आधी अडवू आणि मग बंद करू शकते. पोर्टच्या अर्जावर सही करताना आपण ती हमी दिलेली असते. त्या बिलातही चुकीची ओळ असेल तर पद्धत तीच: मान्य तेवढं भरा, बाकीच्याची १९८ वर तक्रार, डॉकेट नंबर. पोस्टपेड घेताना ठेव ठेवली असेल तर ती शेवटच्या बिलात वळती झाली का ते बघा. नसेल तर बँक खात्याचा तपशील देऊन लेखी मागा.

काही जणांना दोन-तीन वर्षांनी अचानक लोकअदालतीची नोटीस येते, वर न्यायालयाचं नाव असतं आणि घरात घबराट होते. ती बहुधा दावापूर्व तडजोडीची नोटीस असते. अशा लोकअदालतीत तुमच्या संमतीशिवाय कोणताही निकाल लागत नाही. तिथे जावं, जुना मेल आणि पावती दाखवावी, रक्कम मान्य नसेल तर तसं सांगून यावं. नोटिशीवर ‘स्थायी लोकअदालत’ असं लिहिलं असेल तर मात्र जास्त लक्ष द्यावं, कारण टेलिफोनसारख्या लोकोपयोगी सेवांच्या वादात तडजोड न झाल्यास ती गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते. तिथे लेखी म्हणणं देणं आवश्यक आहे. तारीखही बघा. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि त्यापलीकडच्या बिलाचे पाचशे रुपये ‘एकदाचं मिटवून टाकू’ म्हणून भरण्याआधी त्या बिलाची फोड मागायला हरकत नाही.